वराहखाद्यासाठी सरकी पेंड नको

‘सोयापेंड महागल्याने वराहपालक अडचणीत’ या वृत्तात सरकी पेंडीचा पर्याय सुचवला आहे, त्यास माझा ठाम आक्षेप आहे, कारण तिच्यातील गॉसिपॉल हा विषारी घटक डुकरांना बाधतो. खानदेशात त्याहून सुरक्षित पर्याय हाताशी आहे : जळगावच्या डाळ मिलांमधील फुटका हरभरा. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात, तर सोयापेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून वाढत्या पिलांच्या खाद्यातील सोयापेंडीचा काही भागच बदलावा आणि कडधान्यांत कमी असलेले मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) वेगळे पुरवावे. दाणा मात्र भाजून किंवा शिजवूनच द्यावा, कारण कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन रोखतात. पशुसंवर्धन विभागाने ही माहिती गावोगावी तातडीने पोहोचवावी.

– एक वराहपालक, चोपडा (जि. जळगाव)