बेडूक गेला, त्याच्या जागी काय आलं?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्रात्यक्षिकातलं प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं आणि २०१४ मध्ये बंदी आणखी कडक केली. ते योग्यच झालं. शेतातली कीड खाणारे बेडूक बादलीभर आणून क्लोरोफॉर्मने संपवायचे, याचं समर्थन मी करणार नाही. माझी तक्रार आहे ती त्यानंतरची. विच्छेदनाच्या जागी अनेक ठिकाणी भिंतीवरचे तक्ते आणि मोबाईलवरचे व्हिडिओ एवढंच आलं. मुलं तक्त्यावरून जर्नलमध्ये आकृती उतरवतात, आम्ही सही करतो.

माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाला तीन, पक्षी आणि सस्तन प्राण्यांना चार. हे कुठल्याही गाईडात मिळतं. पण कोंबडीची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, उजवीकडे वळते आणि बकऱ्याची डावीकडे, हे हातात धरून पाहिलेला मुलगा विचारतो, "सर, कप्पे सारखे, मग वळण उलटं का?" कारण चार कप्पे या दोन वंशांत स्वतंत्रपणे घडले. तुलनात्मक शरीररचना या प्रश्नापासून सुरू होते. आणि यासाठी एकही प्राणी मारावा लागत नाही. मासळीबाजार, चिकन सेंटर आणि खाटकाचं दुकान, तीन ठिकाणी फिरलं की झालं. दुकानदाराला एवढंच सांगायचं की हृदयाच्या मुळाशी सुरी लावू नका. तरीही प्राचार्य घाबरतात, कारण खाण्यासाठी आधीच कापलेल्या प्राण्याचे अवयव वर्गात चालतात की नाही, हे कुणी लेखी देत नाही. आपल्या विभागाचं एक परिपत्रक पुरेसं आहे.

दुसरी अडचण हाडांची. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३९ नुसार मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता असतो. त्यामुळे रस्त्यावर गाडीखाली आलेलं घुबड उचलायचं नाही आणि आमच्या संग्रहालयात मात्र जुन्या फॉर्मेलिनमध्ये पांढरे पडलेले नमुने. शवविच्छेदन झाल्यावर सांगाडा नोंद करून महाविद्यालयाला मिळावा, अशी सोपी पद्धत वनखात्याशी बोलून ठरवता येईल. सांगाडे सांभाळायला प्रयोगशाळा परिचर लागतो, ती जागाही भरा.

याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. गिधाडं नव्वदच्या दशकात झपाट्याने का संपली, हे मेलेल्या गिधाडांची पोटं उघडल्यावर कळलं. आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर होता, मूत्रपिंडं निकामी झाली होती. माग निघाला तो गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकापर्यंत. २००६ मध्ये भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. पक्षी मूत्रपिंडांवाटे युरिक आम्ल बाहेर टाकतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो थर दिसूनही कळला नसता.

उपयोजित प्राणिशास्त्राबद्दल थोडक्यात. मधमाशी, रेशीम, मत्स्यपालन आमची मुलं नोट्सवरून शिकतात. पुण्यात मधमाशी संशोधन संस्था, नागपुरात रेशीम संचालनालय, जालन्यात कोषांची बाजारपेठ आणि रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय असताना. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी या ठिकाणांशी आपल्या विभागानेच करार करावेत. एकेका महाविद्यालयाच्या पत्राला तिथे कोण दाद देणार?

परिपत्रक मात्र जूनच्या आत निघालं तर बरं, प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक तेव्हाच ठरतं.

आपला,
एक प्राणिशास्त्र शिक्षक