त्या दोघी एकच आहेत: परराष्ट्र मंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

स्पेनमध्ये माझे दोन नंबर आहेत. फोनचे नव्हेत, ओळखीचे. परदेशी माणसाला इथे सरकार एक ओळख क्रमांक देतं, त्याला सगळे ‘निए’ म्हणतात. कायद्याप्रमाणे तो एका माणसाला एकच मिळतो आणि जन्मभर बदलत नाही. मला दोन मिळाले, कारण स्पेनच्या दफ्तरी मी दोन बायका आहे. एक २०१० साली शिकायला आलेली, अविवाहित, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लावणारी. दुसरी २०१९ साली नवऱ्यापाठोपाठ आलेली, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावणारी. दोघींची जन्मतारीख एक, जन्मगाव सातारा, आईबापांची नावं तीच. पासपोर्ट नंबर मात्र वेगळा, आणि पहिलं नाव सोडलं तर नावातलं काहीच जुळत नाही.

यात इथल्या कारकुनाला दोष देऊन भागणार नाही. स्पेनमधल्या बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. जन्मल्यावर एक आडनाव बापाकडून आणि एक आईकडून मिळतं, ती दोन्ही मरेपर्यंत टिकतात. आपल्याकडे लग्नानं बाईचं मधलं नावही बदलतं आणि आडनावही, हे ऐकून इथल्या कचेरीतल्या बाईंनी मला विचारलं, “मग तुमचं उरतं काय?” मी म्हटलं, पहिलं नाव. माझं नशीब, मी अलीकडे जन्मले. आमच्या आजीचं तेही राहिलं नव्हतं. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की जुनं संपलं.

निए म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड यांपैकी एक अक्षर, मग सात आकडे, शेवटी पुन्हा एक अक्षर. शेवटचं अक्षर उगाच नसतं. पहिल्या अक्षराच्या जागी शून्य, एक किंवा दोन धरायचा, आलेल्या संख्येला २३ नं भागायचं आणि जी बाकी उरेल तिचं ठरलेलं अक्षर लावायचं. त्यामुळे एखादा आकडा चुकला, तर संगणक लगेच ओरडतो. नावातली चूक पकडणारं असलं कुठलंही अक्षर नाही.

आपल्याकडे आधार वेगळं आणि पॅन वेगळं. इथे परदेशी माणसाची ओळखही याच नंबरावर आणि आयकरही याच नंबरावर. नोकरीचा करार, बँकेचं खातं, घराची खरेदी, विजेचं मीटर, सगळीकडे आधी हाच विचारतात. मागायला ईएक्स-१५ नावाचा अर्ज असतो. फी ७९० क्रमांकाच्या चलनावर, ०१२ हा कोड टाकून बँकेत भरायची. ती दहा युरोंच्या आतच आहे. महाग असते ती वेळ. कचेरीत जायच्या आधी ऑनलाइन वेळ ठरवावी लागते, तिला इथे ‘सिता प्रेव्हिया’ म्हणतात. नावात सीता असली तरी वनवास आपल्याच वाट्याला. संगणकी बॉट लावून या वेळा आधीच अडवून ठेवायच्या आणि गरजूंना विकायच्या असा धंदा चालतो, आणि २०२३ मध्ये स्पॅनिश पोलिसांनी त्यापायी अनेकांना अटकही केली. पण हे दुखणं तुमच्या खात्याचं नाही, म्हणून इथेच सोडते.

तुमच्या खात्याचं दुखणं पुढे आहे.

दुसरा नंबर व्हिसाच्या कागदांबरोबर आला, तेव्हा मी तो बिनतक्रार घेतला. जुना पासपोर्ट रद्द झाला, तसा जुना नंबरही गेला असेल, असं वाटलं. चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी इथल्या सामाजिक सुरक्षेचा उतारा काढला. किती वर्षं वर्गणी भरली, ते त्यात येतं आणि पुढे पेन्शन त्यावरच ठरतं. उताऱ्यात माझी शिक्षणानंतरची दीड वर्षाची नोकरी नव्हती. ती पहिल्या बाईच्या खात्यावर होती. बँकेत तेव्हाचे थोडे युरोही अडकलेत, तेही तिचेच.

दोन नंबर एक करून मिळतात. त्यासाठी या दोघी एकच असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मला वाटलं, विवाह नोंदणीचा दाखला दिला की झालं. माझ्या भावानं साताऱ्याहून दाखल्याची नवी प्रत काढली, मुंबईला नेऊन राज्य सरकारचा शिक्का घेतला, मग तुमच्या मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचं प्रमाणपत्र, लावून घेतलं. अपोस्टिलची सरकारी फी ५० रुपये. एजंटानं साडेचार हजार घेतले. तो आकडा ऐकून भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे इथल्या शपथबद्ध अनुवादकानं त्याचं स्पॅनिश केलं, त्याचे पैसे वेगळे.

कचेरीतल्या बाईंनी सगळं नीट वाचलं. पेन्सिलीनं ओळ न् ओळ तपासली आणि विचारलं, “यात तुमचं नवं नाव कुठे आहे?”

नव्हतं. माझ्या दाखल्यात नवऱ्याचं नाव आहे आणि माझं माहेरचं नाव आहे. लग्नानंतर मी कुठलं नाव घेतलं, याबद्दल त्यात अक्षर नाही. आपल्याकडे ते लिहावं लागत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. मी नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. त्यावर त्या हसून म्हणाल्या, “हे तर तुम्हीच लिहिलंय.” खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं.

मग मी पासपोर्ट उघडला. शेवटच्या पानावर वडिलांचं, आईचं, नवऱ्याचं नाव आणि पत्ता असतो, हे आपण जाणताच. त्याखाली माझ्या जुन्या पासपोर्टचा नंबर, तारीख आणि ठिकाण छापलेलं आहे. म्हणजे ही बाई तीच, हे भारत सरकारला पक्कं माहीत आहे. त्यांनीच ते छापलंय. पण जुन्या पासपोर्टावरचं जुनं नाव तिथे नाही. बाईंनी त्या नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हा कुणाचा?”

साहेब, एवढं लांबलचक सांगायचं कारण हेच. पासपोर्ट तुमच्या खात्याचा, अपोस्टिल तुमच्या खात्याचं आणि इथली वकिलातही तुमच्याच खात्याची. राज्याचा शिक्का सोडला तर बाकी सगळ्या दारांवर पाटी तुमचीच. मी स्पेनच्या सरकारकडे काही मागत नाही, तो माझा अधिकार नाही. तुमच्याकडे दोन गोष्टी मागते.

पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या नंबराशेजारी जुनं नावही छापा. जागा आहे, मी पट्टीनं मोजली. आणि वकिलातीकडून नावबदलाचा एक ठरीव दाखला मिळू द्या. पूर्वीचं नाव, आताचं नाव, दोन्ही पासपोर्टांचे नंबर आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ हे वाक्य, तेही ज्या देशात वकिलात आहे त्या देशाच्या भाषेत. सगळ्या वकिलातींत एकच नमुना असावा आणि त्यावरच्या क्रमांकावरून इथल्या कारकुनाला तो ऑनलाइन तपासता यावा. दाखल्याला लागणारी सगळी माहिती तुमच्या पासपोर्ट विभागाकडे आहेच. माझ्या भावाला साताऱ्याहून मुंबईची खेप करायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, नाव बदललंच कशाला? लग्नानंतर बाईनं पासपोर्टावरचं नाव बदलायची गरज नाही, हे पंतप्रधानांनी २०१७ मध्येच जाहीर सांगितलं होतं. खरं आहे, पण माझं लग्न त्याआधीचं. आणि नाव बदलायचा आग्रह सासूबाईंनी केला नव्हता. जोडखातं उघडताना बँकेतल्या साहेबांनी केला होता.

आणखी एक गंमत सांगते. पासपोर्टावर माझं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात आहे, आडनाव दुसऱ्या. इथे दोन आडनावं लागतात. तेव्हा आरोग्याचं कार्ड करणाऱ्या माणसानं नवऱ्याचं नाव ‘सुरेश’ हे माझं पहिलं आडनाव धरलं. गेली चार वर्षं दवाखान्यात मला ‘सेन्योरा सुरेश’, म्हणजे ‘सुरेशबाई’, अशी हाक मारतात आणि मी उठून आत जाते. नवऱ्याला हे फार आवडतं.

आता पुढच्या पिढीचं बघा. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येईल. निर्णय मला मनापासून पटला. आईचं नाव कागदावर यायला उशीरच झाला. पण त्या मुली पंचवीस वर्षांनी चार शब्दांचं नाव घेऊन इकडे येतील आणि त्यातल्या काही जणी लग्नानंतर त्यातले दोन-तीन शब्द बदलतील. समोर दोन आडनावांचे दोन रकाने असतील. कुठला शब्द कुठे गेला, हे सांगणारा कागद तेव्हा तरी त्यांच्या पिशवीत असावा.

ही संख्या वाढणार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनचे पंतप्रधान वडोदऱ्याला आले, विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, बार्सिलोनात आपली वाणिज्य वकिलात सुरू करायचं ठरलं आणि २०२६ हे दोन्ही देशांचं संस्कृती, पर्यटन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं वर्ष म्हणून जाहीर झालं. नाचगाणी होतीलच, व्हायलाही हवीत. बार्सिलोनाच्या कचेरीत एका खिडकीवर तो दाखला मिळाला, तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

माझी पुढची सिता गुरुवारी सकाळी सव्वानऊला आहे. दोन्ही पासपोर्ट, दोन्ही नंबर, दाखला, त्याचा अनुवाद आणि या पत्राची प्रत एका फायलीत लावून ठेवली आहे.

आपली नम्र,
एक भारतीय नागरिक
(स्पेनच्या दफ्तरी दोन)