विज्ञानकादंबरीचा अनुवाद आणि तळटिपा

महोदय,

लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादातून नुकतीच वाचून झाली. विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार कादंबरी विभागात अनुवादित पुस्तकाला प्रथमच मिळाला तो हिच्यामुळे, २०१५ साली. वाचताना मात्र माझे लक्ष अनुवादकाच्या कामाकडेच अधिक गेले.

कल्पनेच्या बळावर उभ्या असलेल्या कादंबरीत पात्रे थोडी सपाट राहिली तरी वाचक सांभाळून घेतो (वांग मियाओ हा नायक शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला नाही), पण तर्काची एक पायरी निसटली की सगळा डोलारा कोसळतो. इथे एका आभासी खेळात चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याचे तीन कोटी सैनिक मैदानात उभे राहून संगणक होतात. सुरुवात तिघांपासून होते : पहिल्या दोघांनी काळे झेंडे उंचावले तरच तिसऱ्याने काळा उंचवायचा, एरवी पांढरा; अशी असंख्य त्रिकुटे जोडत संगणक उभा राहतो. गणिताचा धसका घेतलेल्या वाचकालाही हे प्रकरण कुठे अडखळू देत नाही.

इतिहासाचे तसे नाही. १९६७ मध्ये, माओच्या चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला भर सभेत, मुलीदेखत, ठार मारले जाते. त्या काळाचे जे संदर्भ चिनी वाचकाला सांगावे लागत नाहीत, ते केन लिऊ यांनी मोजक्या तळटिपांत दिले आहेत. शिवाय २००८ च्या चिनी पुस्तकात मध्यावर असलेला हा प्रसंग इंग्रजीत, लेखकाच्या मूळ योजनेप्रमाणे, आरंभी आला आहे. त्यामुळे त्या मुलीने पुढे साऱ्या मानवजातीबाबत घेतलेला निर्णय वाचकाला पटला नाही तरी कळतो.

जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली, त्यालाही आता अर्धशतक उलटले. मराठी वाचक या प्रकाराला नवखा नाही. परभाषेतील अशा कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या प्रकाशकांनी अनुवादकाला तळटिपांसाठी जागा द्यावी आणि हस्तलिखित विज्ञानाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. ठाण्यात आणि नवी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेली, भरपूर वाचणारी मंडळी आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच.

आपल्या रविवारच्या पुरवणीतही अनुवादकाच्या वाट्याला बहुधा ‘अनुवाद ओघवता झाला आहे’ हे एकच वाक्य येते. निदान विज्ञानकादंबरीपुरते तरी परीक्षणकर्त्यांनी टिपा, प्रकरणांचा क्रम आणि तर्काची मांडणी पाहून लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे