त्या रात्रपाळीच्या मामांना

व्यसनमुक्ती केंद्रातली माझी तिसरी रात्र होती. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत भास, झटके, जिवावर बेतणारा भ्रम होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं. भिंतीवर किडे चढताना दिसत होते. घरी जातो म्हणून मी बूट घातले, पण हात इतके थरथरत होते की नाडी बांधता येईना.

मामा, तुम्ही ओरडला नाहीत. आधी सिस्टरना बोलावलंत, त्यांनी हाताची नाडी पाहिली, औषध दिलं. मग तुम्ही जमिनीवर बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्यात आणि म्हणालात, "चला, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारू."

दोन म्हणता म्हणता उजाडलं. किडे खोटे आहेत असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. फक्त विचारत राहिलात, "आत्ता दिसतायत का?" आणि माझा हात धरून ठेवलात. कुणी तरी आपल्या पायांशी बसावं, तेही मी तसा असताना!

आज चौदा महिने झाले. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनापासून आभार, मामा. सिस्टर, तुमचेही.