दाण्याचा केक, वर कॅरमल आणि चॉकलेट

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

दाण्याचा केक, त्यावर कॅरमल आणि वरून चॉकलेट, हे सगळं एका दुपारी उरकायचा तुझा बेत आहे. तो आधी बदल. केक आदल्या दिवशी भाजून ठेव, कॅरमल आणि चॉकलेट दुसऱ्या दिवशी कर. हा केक बिघडतो तो बहुतेक वेळा खालचा थर गार व्हायच्या आत वरचा ओतल्यामुळे. गरम केकवर घातलेलं कॅरमल आत मुरतं आणि कडेने ओघळतं. कोमट कॅरमलवर चॉकलेट ओतलं, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि एकही थर धड राहत नाही.

माप ८ इंची, म्हणजे २० सेंमीच्या गोल टिनचं देतो. मैदा १३० ग्रॅम, दाण्याचं कूट १०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडी ३, दूध ६० मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा आणि व्हॅनिला एक छोटा चमचा. सगळं वजनकाट्यावर घे. कूट वाटीत दाबून भरलं की सैल भरलं, यावर वजन बरंच बदलतं. चव वाढेल म्हणून कूट वाढवावंसं वाटेल, पण तसं करू नकोस. दाण्यात ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं केकला धरून ठेवणारं चिकट प्रथिन, नसतं आणि जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. या मापात कूट वाढलं की केक मधोमध बसतो आणि कापताना त्याचा भुगा होतो.

या केकची चव ठरते ती दाणे भाजताना, म्हणून इथे वेळ दे. कच्चे दाणे २०० ग्रॅम घे आणि आधी नीट निवड. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले दाणे सरळ टाकून दे. बुरशीमुळे तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पुरतं नष्ट होत नाही, त्यामुळे ‘भाजले की चालतील’ हे खरं नाही. दोन-चार दाणे चावून बघ. जरा जरी खवट लागले, तरी तो खवटपणा बटर-साखरेतही लपत नाही. मग दाणे ट्रेमध्ये एका थरात पसरून १६० अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं भाज आणि मध्ये दोनदा हलव. वरच्या सालाच्या रंगावर विसंबू नकोस. एक दाणा फोडून आत बघ. आत पांढरा असेल तर तो कच्चट लागेल. आतपर्यंत फिकट बदामी झाला की लगेच बाहेर काढ. गरम ट्रेमध्ये राहिले तर दाणे बाहेर काढल्यावरही भाजत राहतात, म्हणून ते थंड ताटात पसर. गार झाल्यावर कापडात चोळून सालं काढ, कारण सालं तुरट असतात आणि कॅरमलच्या कडसरपणाबरोबर तो तुरटपणा आणखी जाणवतो.

कूट करताना दाणे पूर्ण गार हवेत आणि मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. मोजलेल्या मैद्यातलेच दोन मोठे चमचे दाण्यांबरोबर टाक, म्हणजे सुटणारं तेल मैदा धरून ठेवतो. जाड रव्याएवढं झालं की थांब. भांड्याच्या कडेला गोळा चिकटायला लागला, तर तेल सुटलं असं समज. असलं कूट वापरलं तर केक तेलकट आणि दडस होतो. उरलेल्या दाण्यांपैकी ७५ ग्रॅम सुरीने जाडसर चिरून कॅरमलसाठी बाजूला ठेव.

ओव्हन १७० अंशांवर तापत ठेव आणि टिनला बटर लावून तळाला बटर पेपर घाल. बटर बोटाने दाबलं की खड्डा पडावा, पण ते वितळून चकाकत नसावं. बटर आणि साखर बीटरने चार-पाच मिनिटं फेट, रंग पांढुरका होईपर्यंत. या फेटण्यात काटछाट करू नकोस. साखरेचे कण बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे पाडतात आणि बेकिंग पावडर फक्त तेच बुडबुडे मोठे करते, नवे तयार करत नाही. अंडी फ्रिजमधून आधीच बाहेर काढ आणि एकेक घाल. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा घाल, ते जुळून येतं. व्हॅनिला याच वेळी. मैदा, मीठ, बेकिंग पावडर एकत्र चाळून तीन वेळा आणि दूध मधे मधे दोन वेळा घाल. इथून पुढे बीटर नको, उलथन्याने हलक्या हाताने मिसळ. शेवटी कूट घाल आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबव. जास्त ढवळलं की ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो.

मधल्या कप्प्यात ३८ ते ४२ मिनिटं लागतील. पहिली २५ मिनिटं दार उघडू नकोस, नाहीतर फुगलेला केक मधोमध खचतो. टूथपिक कोरडी आली आणि कडा टिनपासून किंचित सुटल्या की झाला. १० मिनिटं टिनमध्येच ठेवून मग जाळीवर काढ. टिनमध्येच गार होऊ दिला तर वाफ कोंडून तळ ओला होतो. पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून रात्रभर ठेव. दुसऱ्या दिवशी घुमट आलेला भाग सुरीने सपाट काप आणि केक उलटा ठेव. तळाची बाजू वर आली की कॅरमलला सरळ पृष्ठभाग मिळतो.

आता कॅरमल. बाकी सगळीकडे थांबायचं असतं, इथे मात्र चपळाई हवी. म्हणून सगळं मोजून हाताशी घेतल्याशिवाय गॅस पेटवू नकोस: साखर १५० ग्रॅम, पाणी तीन मोठे चमचे, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब, क्रीम १२० मिली, बटर ४० ग्रॅम, मीठ पाव छोटा चमचा. पातेलं जाड बुडाचं, खोल आणि आतून फिकट रंगाचं घे. काळ्या नॉनस्टिकमध्ये पाकाचा रंग कळत नाही. शेजारच्या शेगडीवर क्रीम गरम करून ठेव. पातेल्यात साखर, पाणी आणि लिंबाचा रस घालून साखर विरघळेपर्यंत ढवळ, उकळी आली की चमचा बाजूला. चमच्याला किंवा कडेला चिकटलेला साखरेचा एखादा कण पाकात पडला तरी सगळा पाक पुन्हा दाणेदार होऊ शकतो. कडा ओल्या ब्रशने पुसत राहा आणि ढवळण्याऐवजी पातेलंच गोल फिरव. लिंबामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, ती पाकाला दाणा धरू देत नाहीत. तरीही दाणा धरलाच, तर पाव कप पाणी घालून विरघळव आणि परत सुरू कर.

रंग आधी फिकट पिवळा, मग मधासारखा आणि नंतर तांबूस येतो. मधाच्या रंगापासून करपेपर्यंत मिनिटभरही लागत नाही, तेव्हा नजर हलवू नकोस. तांबूस रंग धरला आणि धुराची पहिली बारीक रेघ दिसली की गॅस बंद कर, कारण पातेल्याच्या उष्णतेवर रंग आणखी एक छटा चढतो. लगेच गरम क्रीम बारीक धारेने घाल. ते जोरात फसफसून वर येतं आणि वाफ उसळते, म्हणून लांब दांड्याचा चमचा वापर, बाह्या खाली असू देत आणि चेहरा पातेल्यावर नेऊ नकोस. क्रीम थंड असेल तर पाक जागीच कडक होतो. मंद आचेवर ढवळत राहिलीस की तो विरघळतो. करपलेला पाक मात्र सुधारत नाही, तो टाकून दे. हातावर उडालाच तर २० मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धर, बर्फ लावू नकोस.

बटर, मीठ घालून पुन्हा मंद आचेवर ११० अंशांपर्यंत उकळ. थर्मामीटर नसेल तर थंड बशीत थेंब टाक, तो गार होऊ दे आणि मग बोटाने रेघ ओढ. ती भरून आली नाही तर झालं. ११८ च्या पुढे गेलं की गार झाल्यावर टॉफी होते आणि सुरीबरोबर सगळा थर उचलला जातो. चिरलेले दाणे मिसळ, बोट सहज टेकेल इतकं कोमट होऊ दे आणि काठापासून अर्धा सेंमी आत राहील असं पसर. मग अर्धा तास फ्रिजमध्ये.

चॉकलेट ५५ ते ६० टक्के कोकोचं घे, १२० ग्रॅम. कॅरमलवर मिल्क चॉकलेट फार गोड होतं आणि कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेलं चॉकलेट, जिभेवर मेणासारखं राहतं; दोन्ही मला या केकवर पटत नाहीत. चॉकलेट बारीक चिरून त्यावर कडेला बुडबुडे आलेलं १०० मिली क्रीम ओत, दोन मिनिटं थांब आणि मधोमध लहान गोल ढवळत बाहेर ये. शेवटी १५ ग्रॅम बटर, चकाकीसाठी. जोरात फेटू नकोस, हवेचे बुडबुडे वर डागासारखे दिसतात. मिश्रण फुटून तेल वेगळं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून हळू ढवळ. साधारण ३५ अंशांना, जाड धार पडू लागली की केकच्या मध्यावर एकदम ओत आणि ताट कलतं करून पसरू दे. सुरी फिरवायची तर एकदाच. पुन्हा पुन्हा फिरवलीस तर रेघा उमटतात.

फ्रिजमध्ये चकाकी मंदावते, म्हणून शक्यतो बाहेरच थंड जागी सेट होऊ दे. उरलेला केक मात्र बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव, चार दिवस चांगला राहतो. खाण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढ, नाहीतर बटर घट्ट असताना केक कोरडा लागतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मग काप आणि प्रत्येक कापानंतर परत पूस. तुकडे लहान कर, बारा सहज होतात. आणि पाहुण्यांपैकी कोणाला दाण्याची ॲलर्जी आहे का, हे आदल्या दिवशीच विचार. असेल तर त्यांच्यासाठी वेगळं काही करताना तोच मिक्सर, तीच सुरी चालणार नाही.

तुझा
बाबा