शहराचा स्वतःचा वाद्यवृंद : सांगलीने मागणी करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरजेच्या संगीतपरंपरेविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी लेखन प्रसिद्ध होत असते. त्याच संदर्भात एक सूचना वाचकांपुढे आणि शहरातील संस्थाचालकांपुढे ठेवावी, म्हणून हे पत्र. सांगली, मिरज आणि कुपवाड या आपल्या महापालिका क्षेत्राचा स्वतःचा एक लहान, कायमस्वरूपी वाद्यवृंद असावा आणि त्याने दरवर्षी किमान एक नवी रचना संगीतकाराला मानधन देऊन मागवावी व वाजवावी, अशी ही सूचना आहे.

माझ्यापुढे उदाहरण आहे ते स्वित्झर्लंडमधील बाझल शहराच्या चेंबर ऑर्केस्ट्राचे. लोकसंख्येने बाझल आजही आपल्या महापालिका क्षेत्राहून लहान आहे. १९२६ मध्ये पॉल झाखर या वीस वर्षांच्या तरुणाने तेथे हा वाद्यवृंद उभा केला. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात शंभराच्या आसपास वादक असतात. चेंबर ऑर्केस्ट्रात साधारण पंधरा ते चाळीस, त्यातही गजाने वाजवायच्या तंतुवाद्यांचा भरणा, त्यामुळे प्रत्येकाचा हात वेगळा ऐकू येतो आणि कच्चा सूर लपवायला जागा उरत नाही. एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय संगीत मोठ्या वाद्यवृंदांकडे सोडून देऊन झाखर यांनी आपल्या पथकासाठी दोनच क्षेत्रे निवडली : अठराव्या शतकातले आणि त्याआधीचे, बरेचसे विस्मृतीत गेलेले संगीत, आणि हयात संगीतकारांचे अगदी नवे संगीत. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते, कारण लहान पथकाने मोठ्या पथकाची नक्कल करण्यात आयुष्य घालवले नाही.

नवे संगीत मिळावे म्हणून झाखर थेट संगीतकारांना पत्र लिहीत. पथकाच्या दशकपूर्तीसाठी त्यांनी १९३६ मध्ये हंगेरीच्या बेला बार्टोक यांच्याकडे रचना मागितली, आणि मागताना आपल्याकडे कोणती वाद्ये आहेत व रचना फार अवघड नसावी, हेही कळवले. त्यातून तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि चेलेस्टा (घंट्यांसारखा नाद देणारे, पट्ट्या दाबून वाजवायचे वाद्य) यांच्यासाठीची जी रचना जन्मली, तिचा पहिला प्रयोग २१ जानेवारी १९३७ रोजी बाझलमध्ये झाला. तंतुवाद्यांचे दोन गट रंगमंचाच्या दोन बाजूंना आणि तालवाद्ये मध्ये, अशी तिची मांडणी आहे, आणि विसाव्या शतकातील थोर रचनांत आज तिची गणना होते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये झाखर यांनी बार्टोक यांची राहण्याची सोय डोंगरातल्या एका घरात केली. तेथे पंधरवड्यात त्यांनी तंतुवाद्यांसाठी ‘डिव्हर्टिमेंटो’ लिहिले, आणि त्यानंतर काही दिवसांतच युरोपात महायुद्ध सुरू झाले. स्ट्राव्हिन्स्की, ओनेगर, मार्टिनू यांनीही या पथकासाठी लिहिले. एका मध्यम आकाराच्या शहराने मागणी केली नसती, तर यातील काही रचना कदाचित लिहिल्याच गेल्या नसत्या.

ही कल्पना सांगलीला परकी नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तशा धर्तीवर मराठीत खेळ रचायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सांगलीत उभे राहिले. मराठी रंगभूमीचा आरंभ असा एका मागणीतून झाला आहे. नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो तेव्हा भाव्यांचे नाव घेतो, ते योग्यच आहे. परंतु मागणाऱ्याची दृष्टी आणि खर्च सोसण्याची तयारी यांचाही त्यात वाटा होता, याची आठवण फारशी होत नाही.

मिरजेकडे पाहिले तर अशा पथकाला लागणारी सामग्री तेथे कितीतरी पिढ्या तयार होत आली आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवण्यापासून जवारी काढण्यापर्यंतची, म्हणजे तारेला झणकार यावा म्हणून घोडी घासून बसवण्यापर्यंतची, सगळी कामे सतारमेकर गल्लीत आजही हाताने होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा सर्वांना अभिमान वाटला. पण या वाद्यांपैकी किती आपल्याच शहरात वाजतात? दर्ग्यातील उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी हजेरी आणि अंबाबाईच्या नवरात्रातील मैफली सोडल्या, तर मिरजेत घडलेली सतार मिरजेबाहेरच ऐकायला जावे लागते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते याच मिरजेत, आणि त्यांच्या परंपरेतील गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुले आज घरोघरी आहेत. विशारद झाल्यावर त्यांतील बहुतेकांचे वाद्य खोळीत जाते. गाणाऱ्याला निदान भजनी मंडळ असते. सतार, व्हायोलिन किंवा बासरी शिकलेल्या मुलाला चारचौघांबरोबर नियमित वाजवायला जागाच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आपले संगीत एकट्याच्या विस्ताराचे आहे, ते ठरीव ओळींत बसणार नाही, असा आक्षेप जाणकार घेतील, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मध्य प्रदेशातील मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या साथीच्या सुमारास अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद बांधला आणि बंदुकीच्या नळ्यांपासून नळतरंग करून घेतला. आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीत वाद्यवृंद सुरू केला, तेव्हा त्याची धुरा पं. रविशंकर यांच्याकडे होती. तेव्हा वाट पूर्वीच पडलेली आहे. अडचणी खऱ्या आहेत त्या तपशिलाच्या. पहिला प्रश्न सर्वांनी षड्ज कोणता धरायचा हा असेल, कारण बासरीची पट्टी ठरलेली असते आणि सतारीच्या तारांची जाडी व तरफा (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा) त्या-त्या षड्जाला धरून बसवलेल्या असतात. पण तारा बदलून जवारी नव्याने काढून देणारा कारागीर अन्य शहरांना शोधावा लागतो, आपल्याला तो शेजारी आहे. ऑर्गन किंवा हार्मोनिअम घ्यायची की नाही, बंदिशीचा कोणता भाग लिहून द्यायचा आणि कोणता वादकावर सोडायचा, हे तालमीत वाजवूनच ठरेल. पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी स्वरलेखनाच्या पद्धती दिलेल्या आहेत. त्या परीक्षेच्या वह्यांबाहेर याव्यात.

पैशाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. झाखर यांचा १९३४ मध्ये एका मोठ्या औषध उद्योगाशी संबंधित घराण्यात विवाह झाला आणि त्यानंतर मागणी करणे त्यांना सहज परवडले. पथक मात्र त्याआधी आठ वर्षे चालले होते. एकाच व्यक्तीवर विसंबण्यात धोका असतो, हेही तेथे दिसले : झाखर थांबले आणि १९८७ मध्ये त्यांचा वाद्यवृंद विसर्जित झाला. आपल्याकडे चिंतामणराव १८५१ मध्ये निवर्तले, त्यानंतर संस्थानचा आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. म्हणून हा खर्च महापालिका, बाजारपेठेतील व्यापारी संस्था आणि वर्गणीदार श्रोते अशा तिघांत विभागलेला असावा, आणि संगीतकाराचे मानधन आधी बाजूला काढून मगच सभागृहाची सजावट व सत्कार यांचा विचार व्हावा.

पंधरा-सोळा वादक, आठवड्यातून दोन सकाळी तालमीला एखादे नाट्यगृह किंवा शाळेचे सभागृह, आणि पहिल्या वर्षी वीस मिनिटांची एक नवी रचना, एवढ्यावर आरंभ करता येईल. ती रचना याच जिल्ह्यातील संगीतकाराकडून मागवावी, तिच्यासाठी लागणारे तानपुरे मिरजेत करून घ्यावेत आणि पहिला प्रयोग ५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, सांगलीत व्हावा. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करण्याचा प्रस्ताव नगरसेवकांनी मांडावा, आणि ज्या वादकांना व कारागिरांना यात भाग घ्यावासा वाटतो, त्यांची मते आपल्या दैनिकाने याच सदरातून मागवावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली