पावलं मोजताना नाइट ड्यूटीही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे हा परिचारिका दिन जवळ आला की रुग्णालयांत कर्मचाऱ्यांसाठी मोबाइल ॲपवर पावलं मोजायच्या स्पर्धा जाहीर होतात. मी बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे, सध्या मेडिसिन वॉर्डात. मागच्या वर्षी अशा एका महिनाभराच्या स्पर्धेत मीही होते. ॲपमुळे माझ्यासारखी बाई व्यायामाला लागली, म्हणूनच हे कळकळीने लिहिते आहे.

लक्ष्य होतं रोज दहा हजार पावलं. आमची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ, आणि ॲपचा दिवस संपतो मध्यरात्री बाराला. एका रात्रीचं चालणं दोन तारखांत वाटलं जायचं. घरी येऊन जरा डोळा लागला की अकरा वाजता फोन वाजायचा, 'उठा, थोडं चाला.' आयसीयूतल्या सिस्टर्सचे आणखी हाल. हात कोपरापर्यंत धुवायचे म्हणून मनगटावर घड्याळ नाही, फोन लॉकरमध्ये. सहा तास पायांवर काढूनही त्यांच्या नावापुढे तीनशे-चारशे पावलं.

दर सोमवारी नावानिशी यादी नोटीस बोर्डावर लागे. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली आमची एक सहकारी दोन आठवडे तळाला राहिली. तिसऱ्या आठवड्यात तिने ॲप काढून टाकलं. खरं तर व्यायामाची गरज तिलाच सगळ्यांत जास्त होती.

दहा हजार हा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या 'मानपो-केई' या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. तिथून तो सगळीकडे पसरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांना पावलांची अट नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, असं त्या सांगतात. यातली दुसरी गोष्ट आम्हाला फार मोलाची आहे. सत्तर किलोच्या पेशंटला कुशीवर वळवायचं, स्ट्रेचरवरून बेडवर घ्यायचं, तर पाठ आणि मांड्यांत ताकद हवी. वॉर्डातल्या येरझाऱ्यांनी ती येत नाही. एका नाइटला माझी अकरा हजार पावलं भरली होती. सकाळी चपलेत पाय जात नव्हते, इतके सुजले होते.

स्पर्धा संपल्यावर आम्ही पाच जणी आणि वॉर्डातल्या एक मावशी अशा सहा जणींनी आपलं वेगळं सुरू केलं. लक्ष्य आठवड्याचं, १५० मिनिटं. मॉर्निंग ड्यूटी संपवून पुढच्या पाळीला हँडओव्हर दिला की गच्चीवर वीस मिनिटं: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला रेटून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या डोक्यावर उचलणं. उरलेली मिनिटं घराजवळ भरभर चालून. सगळं ॲपमध्ये हाताने भरायचं. नाइट असेल तेव्हा व्यायामाला सुट्टी, आधी झोप. आकडे आमच्यातच राहतात. मावशींचा फोन साधा, म्हणून त्यांची मिनिटं माझ्या फोनवर. सात महिने झाले, एकही जण गळलेली नाही. मावशी आता जिना चढताना कठडा धरत नाहीत.

रुग्णालय प्रशासनांना विनंती, की ॲप निवडताना ड्यूटी लिस्ट समोर ठेवा आणि लक्ष्य आठवड्याचं ठेवा. केंद्र सरकारचं 'फिट इंडिया' ॲप २०२१ पासून मोफत आहे, नवं विकत घेण्याआधी तेही पाहावं. अनेक ॲप वजन, झोप, मासिक पाळीपर्यंत सगळं विचारतात. ती माहिती ऑफिसात जाता कामा नये, बोर्डावर तर नाहीच.

आणि जागा द्या. पावसाळा लागला की आमची गच्ची बंद होईल. खालचा लेक्चर हॉल दुपारी दोन ते अडीच रिकामा असतो, तेवढा वेळ तो आम्हाला उघडून मिळावा.

आपली,
एक परिचारिका, कोल्हापूर जिल्हा